पश्चिम तोंड

दगड कधी खोटं बोलत नाही, असं शरच्चंद्र टिपणिसांचं आयुष्यभराचं म्हणणं होतं. हे म्हणणं त्यांनी तीन निबंधांत मांडलं होतं, एकदा रेडिओवर वाचून दाखवलं होतं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पत्नी वसुधाबाईंनाही समजावून सांगितलं होतं. दगडाने शेवटपर्यंत त्यांचा शब्द राखला. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा ते टिपणिसांनाच बोलावं लागलं, आणि तेही छापील सरकारी तक्त्यात, दोन प्रतींत.

मुलुंडच्या पश्चिमेला डोंगराची एक सोंड गावाच्या दिशेने उतरते. त्या सोंडेतून एक चाचणी बोगदा आरपार काढायचा, असं १९५४ साली वरून ठरलं. लांबी सहाशे चाळीस फूट. पूर्व तोंड गावाकडे, पश्चिम तोंड पलीकडच्या जंगलात. दोन्हीकडून खोदत यायचं आणि मध्ये भेटायचं. पुढेमागे मोठा पाण्याचा बोगदा काढायचा झाला तर इथला दगड कसा वागतो ते आधी कळावं, हा हेतू. दगडाच्या वागणुकीवर लक्ष ठेवण्यासाठी एक संशोधन विभाग निघाला. एक पत्र्याची शेड, एक कपाट, आणि टिपणीस.

टिपणीस तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. युद्ध संपल्यापासून ते एकाच गोष्टीच्या मागे होते. बोगद्याची दोन तोंडं एकमेकांकडे येत असताना मध्ये किती दगड उरला आहे, हे नुसत्या हातोड्याच्या ठोक्यावरून सांगता आलं पाहिजे. त्यासाठी लष्करी लिलावात निघालेलं एक कानयंत्र त्यांनी मिळवलं होतं. दोन पितळी डब्या दगडाला टेकवायच्या आणि रबरी नळ्या कानात घालायच्या. डॉक्टर छाती तपासतात तसंच. ठोका किती जोरात ऐकू येतो त्यावरून अंतर काढायचं एक कोष्टक त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं होतं. कोष्टक सुंदर होतं. फक्त ते खरं आहे की नाही हे पाहायला समोरून कुणीतरी ठोका द्यायला हवा होता, म्हणजे पश्चिम तोंड खणलं जायला हवं होतं.

पश्चिम तोंडाशी नारळ फुटला होता. कातळावर चुन्याने माणसाच्या उंचीचं एक वर्तुळही काढलं होतं. त्यानंतर जमीन जंगलाची की पाण्याची, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो इतका रंगला की खोदकामाची आठवण कुणाला राहिली नाही.

पण दर पंधरवड्याला जायच्या प्रगतीच्या तक्त्यात रकाने दोन होते. पूर्व तोंड, पश्चिम तोंड. एक रकाना कोरा ठेवला की तक्ता 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत यायचा. तो तीन वेळा परत आल्यावर चौथ्या वेळी टिपणिसांनी पश्चिमेच्या रकान्यात 'काम सुरू' असं लिहिलं. ते गेलं. पुढच्या पंधरवड्याला त्यांनी 'बारा फूट' लिहिलं. तेही गेलं. मग ठोक्याच्या निबंधासाठी पश्चिमेकडून आलेले ठोकेही लागले, आणि तेही ते लिहू लागले. कोष्टकाशी ते तंतोतंत जुळत. जुळायलाच हवे होते. कोष्टकातूनच काढलेले होते ते.

"तुम्ही पलीकडून दोनशे फूट बोगदा खणलात," वसुधाबाई एकदा जेवायला वाढताना म्हणाल्या, "आणि मला साधं बोलला नाहीत."

"दोनशे चौतीस," टिपणीस म्हणाले.

"अगं बाई! आणि खणतं कोण?"

टिपणिसांनी आमटीत भात कालवला.

"एक दिवस कुणीतरी चालत जाऊन बघेल ना हो."

"जंगलात कोण जातंय?"

"मग तुमची बारा वर्षं त्या जंगलातच गेली म्हणायची," वसुधाबाई म्हणाल्या आणि ताकाचं भांडं आणायला उठल्या. ताकही आंबट होतं.

१९५७च्या जानेवारीत अधीक्षक अभियंता श्यामसुंदर चौबळ शेडमध्ये आले. त्यांनी खुर्ची रुमालाने पुसली आणि मग उभेच राहिले.

"टिपणीस, एकतीस मार्चला विभाग बंद होतोय. वीस फेब्रुवारीला समिती येणार. त्यांना ठोका ऐकवा. दोन्हीकडची माणसं बोलताहेत, अंतर बरोबर निघतंय, असं दिसलं तर मी काहीतरी बोलू शकेन. नाहीतर गोवंडीला गोदामात एक जागा आहे."

"साहेब, पश्चिमेकडचं काम जरा..."

"ते तर झकास चाललंय! तुमच्यापेक्षा पश्चिमच पुढे आहे. बघतो ना मी तक्ते." चौबळांनी पाठीवर थाप मारली आणि ते गेले.

पूर्वेकडे खरी पाच माणसं खोदत होती. त्यांचा मुकादम लवू परब. सावंतवाडीकडचा, साठीला आलेला, घाटातल्या बोगद्यांत हयात गेलेली. त्याची एक रीत होती. सकाळी कामाला लागण्याआधी तो पहार घेऊन समोरच्या कातळावर तीन ठोके द्यायचा. घाटात दोन्हीकडून खोदत येताना सगळे तसंच करत. इकडून तीन, म्हणजे आम्ही आलो. पलीकडून दोन, म्हणजे आम्ही आहोत. इथे पलीकडे कुणी नाही हे लवूला ठाऊक होतं. पण सवय मोडत नव्हती.

चौबळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, टिपणीस कानयंत्र लावून कातळाशी बसले होते. ऐकायला काही होतं म्हणून नव्हे, शेडमध्ये बसवेना म्हणून. आत कार्बाइडच्या दिव्याचा आंबूस वास होता आणि छतातून पाठीवर थेंब पडत होते. लवूने तीन ठोके दिले.

नळ्यांतून दोन ठोके आले.

टिपणिसांना वाटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी तिनाचे दोन करत नाही. त्यांनी लवूला पुन्हा ठोकायला लावलं. तीन. मग जरा थांबून, सावकाश, कुणी थकलेल्या हाताने द्यावेत तसे दोन. त्यांनी नळ्या लवूच्या कानात दिल्या.

लवू बराच वेळ ऐकत राहिला. "साहेबानू," तो हळू म्हणाला, "ह्यो आपलो आवाज नाय. पलीकडसून जाप इली."

"उत्तर? पलीकडे कोण आहे लवू?"

"ता तुमका ठावक. तक्तो तुमी लिवतास."

कोष्टकाप्रमाणे अंतर निघालं शहाण्णव फूट. टिपणीस शेडमध्ये गेले आणि त्यांनी कपाटातून तक्ता काढला. पूर्वेकडून तीनशे दहा, पश्चिमेकडून दोनशे चौतीस, बोगद्याची एकूण लांबी सहाशे चाळीस. मध्ये उरलेला दगड त्यांनी कागदावर मांडला, पुन्हा मांडला, आणि मग पेन्सिल खाली ठेवली. शहाण्णव.

त्याच दुपारी ते सोंड ओलांडून पलीकडे गेले. तासभराची चढण, करवंदीच्या जाळ्या, पायाखाली सुकलेला पाला. चुन्याचं वर्तुळ पावसाने पुसट झालं होतं, पण होतं. नारळाची करवंटीही तिथेच. वर्तुळाच्या आतला कातळ अभंग, एक टवकासुद्धा उडालेला नाही. त्यांनी यंत्र टेकवलं. काही नाही. त्यांना फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की ते बरं वाटणं कशाबद्दलचं आहे हे त्यांना सांगता येणार नाही, आणि ते घाईने उतरले.

पंधरा जानेवारीच्या तक्त्यात त्यांनी नेहमीप्रमाणे पश्चिमेला बारा फूट टाकले. पूर्वेचे खरे आठ. उरले शहात्तर. सोळा तारखेला सकाळी ठोके आले ते शहात्तर फुटांवरून.

एखादा देवभोळा माणूस असता तर त्याने नारळ ठेवला असता. टिपणीस संशोधक होते, त्यांनी प्रयोग केला. एक फेब्रुवारीच्या तक्त्यात पश्चिमेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'शून्य. काम बंद.'

दोन तारखेला लवूने पहार उचलायच्या आधीच ठोके सुरू झाले होते. पाच, थांबणं, पाच, थांबणं. यंत्र लागतच नव्हतं, कातळाला नुसता तळहात लावला तरी कळत होते. दुपारी भाकरी सोडेपर्यंत चालू होते. संध्याकाळी सुट्टी झाली तेव्हाही चालू होते. बाकीच्या चौघांनी दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं. लवू येत राहिला.

"पाच-पाच म्हणजे काय रे?"

"अडाकलंव, म्हणतत." लवू कातळाकडे बघतच बोलत होता. "मागे वाट बंद झाली, की असो ठोको देतत. घाटात एकदा तीन दिस आयकललंय."

"मग? निघाले ते?"

लवूने ते ऐकलं नसावं. "घाटात मागची वाट पडली तर लोक मागसून उकरीत येयत. हेंच्या मागे काय असा, साहेबानू? तोंडच खणूक नाय. भायर येवचा झाला तर तेंका फकत हयसूनच येवचा लागतला."

त्याने पहारीने एक वेगळाच ठोका दिला, लांब आणि एकटा. ही मोजणी. असा ठोका आला की आत अडकलेल्या प्रत्येकाने आपल्या नावाचा एक ठोका द्यायचा, म्हणजे किती जिवंत आहेत ते कळतं. टिपणिसांनी ऐकलं. ठोके आले, पण नुसते गोंधळल्यासारखे, कधी तीन, कधी दहा, मध्येच थांबलेले.

"मोजणी लागत नाय," लवू म्हणाला. "आपण किती आसंव ता तेंकाच ठावक नाय."

ते तेरा दिवस टिपणीस नीट जेवले नाहीत. विभाग, समिती, गोवंडी, सगळं होतं डोक्यात. पण त्याच्यावर हे पाच-पाच बसलं होतं. पंधरा फेब्रुवारीला त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि पश्चिमेच्या रकान्यात एका दमात चोपन्न फूट लिहिले. पंधरवड्यात चोपन्न फूट बोगदा त्या काळी या देशात कुणी खणत नव्हतं. कार्यालयातून तीन दिवसांत अभिनंदनाचं पत्र आलं.

पाच-पाच थांबलं. पुन्हा दोन येऊ लागले. उरलेलं अंतर चौदा फूट.

वीस तारखेला समिती आली. तिघे जण, आणि चौबळ. अध्यक्ष स्थूल, हसतमुख गृहस्थ होते आणि बोगद्यात येताना त्यांनी टोपी सांभाळून धरली होती. लवूने तीन ठोके दिले. अध्यक्षांच्या कानात नळ्या होत्या. त्यांचे डोळे मोठे झाले.

"वा! काय स्पष्ट! अगदी दाराशी उभे असल्यासारखे!"

"चौदा फूट," टिपणीस म्हणाले.

"टिपणीस, बारा वर्षं सार्थकी लागली तुमची," चौबळ म्हणाले. हे शब्द ऐकण्यासाठी टिपणिसांनी बारा वर्षं काढली होती. ते आले आणि कुठेही न लागता निघून गेले.

"किती माणसं आहेत हो पलीकडे?" अध्यक्षांनी सहज विचारलं.

टिपणिसांच्या तोंडून काहीतरी आकडा जायला हवा होता. "सात," ते म्हणाले.

अध्यक्षांनी हात वर केला. त्यांना काहीतरी ऐकू येत होतं. ते ओठ हलवत मोजू लागले.

"सात," ते आनंदाने म्हणाले. "शिस्त आहे हो तुमच्या माणसांना."

लवूने पहार खाली ठेवली.

समितीचा अहवाल उत्तम आला. पद्धत सिद्ध झाली होती. संशोधन पूर्णतः यशस्वी झालं असल्यामुळे विभागाची आवश्यकता उरलेली नाही, सबब तो एकतीस मार्चला बंद करण्यात यावा, असं त्यात शेवटी होतं. टिपणिसांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग त्यांनी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि ते बोगद्यात गेले. त्यांना आता चौदा फूट दगड हवा होता, दुसरं काही नको होतं.

लवूने कुठून कुठून चार माणसं परत आणली. सुरुंग, पहारी, टोपल्या. टिपणीस स्वतः टोपल्या उचलत होते. वसुधाबाई दुपारचा डबा घेऊन तोंडाशी यायच्या, नवऱ्याचे फुटलेले हात बघायच्या, आणि डबा ठेवून जायच्या.

अकरा मार्चला चौदा फूट पुरे झाले.

समोर कातळ होता.

आणखी दोन फूट. कातळ. आणखी चार. ठणठणीत, काळा, कोरडा कातळ.

लवूने तीन ठोके दिले. टिपणिसांनी यंत्र समोर टेकवलं. काहीच नाही. मग लवूनेच त्यांच्या खांद्याला हात लावला आणि डावीकडची भिंत दाखवली.

दोन ठोके डावीकडून आले. समोरून नव्हते. डावीकडून आणि जरा मागून.

"साहेबानू," लवू म्हणाला, "तेंका लाईन कोणी दिल्यान?"

टिपणीस तिथेच खाली बसले.

दोन तोंडांची भेट घालायची तर दोन्हीकडे रेषा द्यावी लागते. छताला दोन ओळंबे लटकवायचे, त्यांच्यामागे दिवा धरायचा, आणि दोन्ही दोऱ्या एक दिसतील त्या दिशेने खणत जायचं. उतार किती, तोही द्यायचा. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येतं. टिपणिसांनी पश्चिमेला फूट दिले होते. तीनशे फूट. दिशा दिली नव्हती. उतार दिला नव्हता. तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

ते बाजूने निघून चालले होते.

डावीकडे वळून खणायचं टिपणिसांनी ठरवलं. एकतीस मार्चला पहारी, टोपल्या आणि कानयंत्र जमा करून घेण्यात आलं, आणि पूर्व तोंडाशी विटांची भिंत उभी राहिली.

टिपणीस गोवंडीला गेले. गोदामात जुने नळ होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं. बोगद्याचं दप्तर मुख्य कार्यालयात एका कारकुनाकडे गेलं. दोन्ही तोंडं भेटल्याचा संयुक्त दाखला नसल्यामुळे ते बंद करता येत नव्हतं. म्हणून तो कारकून, माणिक नावाचा अतिशय नेटका गृहस्थ, दर पंधरवड्याला तक्ता भरत राहिला. पूर्व तोंड : पूर्ण. पश्चिम तोंड : बारा फूट, पूर्ववत.

टिपणीस दर महिन्याला त्याच्यासमोर जाऊन बसू लागले.

"थांबवू का मग?" माणिक विचारायचा. "शून्य टाकतो."

"नको!" टिपणीस ओरडायचे. आजूबाजूचे कारकून वर बघायचे. मग हळू आवाजात, "थांबवू नका. फक्त शेऱ्यात एवढं लिहा. डावीकडे वळावं. चढावं. एवढंच."

"डावीकडे कुणी वळायचं साहेब?"

टिपणीस एकदा स्वतःच्याच हाताने ते शेऱ्यात लिहून आले. माणिकने तो तक्ता खाडाखोड झाली म्हणून पुन्हा स्वच्छ नकलून काढला.

टिपणिसांचं भाड्याचं बैठं घर पूर्व तोंडापासून अडीचशे फुटांवर होतं. एकोणसाठच्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, वसुधाबाई स्वयंपाकघरात पाट्यावर कैरीची चटणी वाटत होत्या. वाटून झाल्यावर वरवंट्याला लागलेली चटणी पडावी म्हणून त्यांनी तो नेहमीसारखा पाट्याच्या कडेवर आपटला. तीनदा.

फरशीखालून दोन ठोके आले.

वसुधाबाईंनी वरवंटा अलगद आडवा ठेवला. "अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तुमच्याकडचे आलेत."

लवू मुलुंडमध्येच राहत होता. तो आला, चपला बाहेर काढून आत आला, आणि वरवंटा हातात घेऊन त्याने एक लांब ठोका दिला. तिघेही मान खाली घालून उभे राहिले.

"सातच्या सात आसत," लवू म्हणाला. "एकव कमी जावक नाय."

टिपणिसांनी गडी लावून स्वयंपाकघर खणलं. नऊ फुटांवर पाणी लागलं. पाण्याखाली कातळ. ठोके त्याच्याही खालून येत होते, आणि मे महिन्यात ते मोरीच्या बाजूला सरकले, जूनमध्ये अंगणात, आणि मग घराच्या पूर्वेला गेले.

पूर्वेला खाडी आहे. टिपणिसांच्या अंगणापासून दीड मैल. पंधरवड्याला बारा फूट या गतीने साडेसत्तावीस वर्षं लागतात. टिपणिसांच्या निवृत्तीला चार वर्षं होती.

शेऱ्यात दिशा आणि चढ लिहू द्यावा, असा त्यांनी रीतसर अर्ज केला. तो अकरा टेबलांवरून फिरून परत आला. सोबत कोरा तक्ता जोडला होता आणि त्याच्या तळाशी बारीक छापलेल्या एका ओळीखाली माणिकने पट्टी धरून लाल रेघ ओढली होती : शेऱ्याच्या रकान्यात तांत्रिक सूचना लिहू नयेत.